सत्यशीलाबाईची बारी

आपली बायको कम्युनिस्ट झाली ही खबर चंद्रभानला झरीच्या हॉटेलात मिळाली, अर्धा चहा पोटात आणि अर्धा बशीत असताना.

शेजारच्या बाकावरच्या माणसाने मोबाइल पुढे केला. "भाऊ, ह्या आपल्या वैनी हैत का बगा बरं."

चंद्रभानने खिशात चष्मा चाचपला, सापडला नाही, मग मोबाइलच हात लांब करून धरला. परभणीचं कलेक्टर ऑफिस, गेटासमोर शे-दीडशे बायामाणसं, आणि दुसऱ्या रांगेत पार्वतीबाई. एका हातात लाल झेंड्याची काठी, दुसऱ्या हाताची मूठ वर, आणि तोंड उघडं. चाळीस वर्षांच्या संसारात ज्या बाईने घरात आवाज चढवला नाही, तिचं तोंड एवढं मोठं उघडतं हे त्याला पहिल्यांदा कळलं. डोक्यावरचा पदर मात्र जागच्या जागी होता. तेवढ्यावर त्याने समाधान मानलं.

"न्हाई," तो म्हणाला. "आमची येवढी जाड न्हाई."

आणि बशीतला चहा तसाच टाकून उठला. खोटं बोलायची सवय नसली की माणूस असलंच काहीतरी बोलतो. त्यात पुन्हा हॉटेलातल्या सगळ्यांनी पार्वतीबाईला शंभरदा पाहिलेलं.

गाव झरीपासून कोसभर आत. नाव सांगत नाही, उगीच कुणाला मिरच्या झोंबायच्या. चंद्रभान घरी पोचायच्या आत फोटो घरोघर पोचला होता. आता गावाचं कसं असतं, पोरगं नापास झालं तर मास्तर वाईट, गाय आटली तर नजर लागली, आणि बाई मोर्चाला गेली तर तिला कुणीतरी भरवलं. बाईला स्वतःचं डोकं असेल असा संशय कुणालाच येत नाही. कुणी म्हणालं बचतगटातून झालं, कुणी म्हणालं मोबाइलमधून. बहुतेकांचं बोट मात्र धम्मदीपकडे होतं. धम्मदीप म्हणजे बौद्धवाड्यातल्या सत्यशीलाचा मुलगा. एम.ए. झालेला, परभणीत शिकवण्या घेणारा, आणि लाल झेंडेवाल्यांच्या ऑफिसात रोज संध्याकाळी जाणारा.

चंद्रभानचा हरिओम तर ओट्यावर वाटच बघत बसला होता.

"बाबा, तुमाला म्हाईत व्हतं का?"

"मला म्हणली परभणीला जायले, काम हाय. म्या म्हणलं डाक्टरला मोडका हात दाखवायला जायली आसंल."

"चांगला दाखवला की हात! समद्या जिल्ह्याला दाखवला." हरिओमने कपाळ धरलं. "परवा पंचनामा हाय बाबा. आन् आपल्या घरातली बाई गायरानवाल्यायच्या बाजूनं मूठ वर करून हुबी. सरपंच मला काय म्हणला ठाव हाय का? म्हणला, आदी घरचं बघ, मग नोकरीचं बघू."

हरिओमचं बोलणं उगीच नव्हतं. गावाच्या उत्तरेला, चंद्रभानच्या चार एकरांच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून गावाचं गायरान आहे. त्यातलं नाल्याकाठचं अडीच एकर सत्यशीलाचं घर कसतं. सासऱ्यापासून कसतं. कागद नाही, फक्त कसणं आहे. आता त्या गायरानावर सूर्याच्या पाट्या बसणार होत्या, वीज तयार होणार होती, आणि कंपनीच्या सुपरवायझरची जागा सरपंचाने हरिओमला कबूल केली होती. हरिओम तेहतीस वर्षांचा. स्वभावाने लाख माणूस, पण चार एकर कोरडवाहूवर कुणी पोरगी देईना. सात ठिकाणी बघून झालं. सातही ठिकाणी एकच प्रश्न, पोरगा करतो काय? त्या सुपरवायझर शब्दावर त्याची सगळी जिंदगी टांगलेली होती.

आणि चंद्रभानकडे मागणं एवढंच होतं की गुरुवारच्या पंचनाम्यावर शेजारचा धुरेकरी म्हणून सही करायची. मजकूर तयार होता. सदर जमीन आजवर पडीक होती, चालू हंगामातच तिच्यावर अतिक्रमण झालेलं आहे. एवढी सही झाली की सत्यशीलाची जुनी वहिवाट कागदावर मरणार होती, आणि मग उभ्या तुरीत मशीन घालायला कुणी आडवं येणार नव्हतं.

चंद्रभान घरात गेला. पार्वतीबाई खाली बसून तुरीची डाळ पाखडत होती. उजवं मनगट अजून जरा वाकडंच होतं.

"कुणी शिकवलं गं तुला हे?"

"काय?"

"हे मूठ वर करायचं."

"त्याला काय शिकवायचंय? समदे करायले, म्या बी केली." तिने सुपातला खडा वेचून फेकला. "आदी जरा लाजल्यावानी झालं. मग न्हाई झालं."

"अगं पण तिथं तुझं काय काम व्हतं?"

"वारंगुळा हाय माझा," ती म्हणाली, जणू यावर आणखी बोलायला काही उरलंच नाही.

आता हा वारंगुळा काय ते सांगायला पाहिजे. आपल्या भागात ज्यांना मजूर लावणं परवडत नाही त्या बाया एकमेकींच्या रानात आळीपाळीने जातात. आज तुझी खुरपणी, उद्या माझी. पैसा मधे येत नाही. दिसाला दीस. भाकरी जिने तिने आपली आणायची, पण कोरड्यास, म्हणजे भाकरीबरोबरची भाजी, जिचं रान असेल तिने घालायचं. कुणाला अडचण आली तर तिने आपल्या जागी दुसरी बाई पाठवायची. पण बारी चुकवायची नाही. सोयरीक मोडेल, वारंगुळा मोडत नाही.

पार्वतीबाईच्या वारंगुळ्यात सात जणी होत्या. सगळ्या दोन-चार एकरवाल्या. आषाढात ती हापशावर घसरली, मनगट मोडलं, आणि नेमकी खुरपणी तोंडावर. तिने सत्यशीलाला बोलावून सांगितलं, माझ्या जागी जा, रोज मी देते. सत्यशीला दारात उभी होती. तिथूनच म्हणाली, "मला रोज नको बाई. मला बारी द्या."

पार्वतीबाईला त्यात काही वावगं दिसलं नाही. बाकीच्या सहा जणींनाही दिसलं नाही. रोजाचे पैसे वाचले, हात सपासप चालणारी बाई मिळाली, कोण नाही म्हणेल? सत्यशीला आषाढ-श्रावणभर सगळ्यांच्या रानातून फिरली, आणि त्यानंतर पार्वतीबाईचा हात बरा झाला तरी ती आपल्या नावाने येतच राहिली. चूक झाली ती अशी की तिचे दिवस घेताना एकीनेही विचारलं नाही, हिची बारी आली तर जायचं कुठं? मजूर बाईला बारी असते हे डोक्यात शिरायलाच जागा नव्हती. भादव्यात एक दिवस खुरपी पुसता पुसता सत्यशीला म्हणाली, "उद्या माझी बारी. गायरानात तुरीची खुरपणी हाय. कोरड्यास मी करते."

मग काय विचारता! एकीला ताप आला. एकीची सून बाळंतीण झाली, तीन आठवड्यांपूर्वी झाली होती ती पुन्हा झाली. बायनाबाईने तर सरळ सांगितलं की आमच्या घरात भांडण होईल. दुसऱ्या दिवशी गायरानात पार्वतीबाई एकटी गेली.

हे सगळं चंद्रभानला तुकड्यातुकड्याने माहीत होतं. खुरपणीला गेली हे ठाऊक होतं, पण बायांच्या कामात नाक खुपसायची त्याला सवय नव्हती. आता मात्र त्याने नको तो प्रश्न विचारला.

"तिथं जेवलीस का तू?"

"जेवले की. शेपूची भाजी व्हती. मीठ जरा जास्ती पडलं व्हतं, म्या सांगितलं तिला."

पार्वतीबाईने सूप खाली ठेवलं.

"ऐका. आमी सात जणीनं तिचा दीस घेतला, तवा कुणाला तिची जात आठवली न्हाई. तिची बारी आली तवा समद्यायला आठवली. त्या दिवशी दोघीच खुरपत व्हतो, बोलायला तिसरं माणूस न्हाई. म्हणून इचार करत बसले. म्हणलं, ह्या बाईनं जल्मभर लोकायच्या रानात काम केलं. आन् हिची बारी कवाच कामून आली न्हाई? तर रान न्हाई म्हणून. ज्याच्याजवळ रान त्याचीच बारी. ज्याच्याजवळ न्हाई, त्यानं मरूस्तवर दुसऱ्याच्या बारीला जायचं. हे कुणी ठरवलं?"

"देवानं," चंद्रभान सवयीने म्हणाला.

"देवानं सातबारा लिवला व्हय?"

बायको वाद घालते याचा राग यावा की ती एवढं नीट बोलते याचं नवल वाटावं, त्याचं त्यालाच कळेना. शेवटी त्याने मनातली भीती बाहेर काढली. "मग आपलं चार एकर बी वाटून टाकतीस का?"

"आपुन कसतो की. कसतो तवर आपलं." ती पुन्हा पाखडायला लागली. "पण तुमी काळजी करू नका. तुमाला इच्यारल्याबिगर वाटनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रभान धम्मदीपचा समाचार घ्यायला निघाला. चार शब्द चांगले सुनावायचे, आमच्या घरात काडी लावू नको म्हणायचं, असं वाटेने घोकत गेला. धम्मदीप गायरानातच होता. पंचनामा उद्यावर आल्यामुळे शिकवण्या बंद ठेवून आला होता, आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून नाल्याकडचा बांध नीट करत होता. चंद्रभानला बघून त्याने फावडं टाकलं.

"या मामा."

सत्यशीला त्याला भाऊ म्हणते, म्हणून हा मामा म्हणतो. लहानपणापासून म्हणतो. त्या एका शब्दाने चंद्रभानचा निम्मा राग उतरला, आणि निम्म्या रागावर भांडण कसं करायचं?

"तुझ्या मामीच्या डोक्यात काय भरवलंस तू?"

धम्मदीप आधी हसला, मग मामाचं तोंड बघून हसणं आवरलं. "उलटं हाय मामा. मामीच मला बेजार करायल्यात. मी पुस्तकं वाचून आलो. कॉलेजात एक सर भेटले, त्यायनी वाचायला दिलं, मग पटत गेलं. चार वर्सं लागली मला. मामी एका दिसाच्या खुरपणीत तिथं पोचल्या. परवा मला इच्यारलं, पहिल्या दिवशी ही समदी जमीन कुणी कुणाला वाटून दिली, आन् वाटताना आमचे लोक कुठं गेलते? मला सांगता येईना. ऑफिसात जाऊन म्हाताऱ्या कॉम्रेडला इच्यारलं. तर ते म्हणले, त्या बाईलाच घेऊन या."

"मग तू घेऊन गेलास."

"न्हाई, त्याच आल्या. येष्टीत माझ्या आदी बसल्या व्हत्या."

सत्यशीला तुरीतून बाहेर आली. डोक्याला फडकं, हातात खुरपं. तिने चंद्रभानला सहीचं विचारलं नाही. रडणं नाही, पाया पडणं नाही. विचारलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं, कारण मग नाही म्हणता आलं असतं.

"उद्या या भाऊ," एवढंच म्हणाली. "तुमाला जे ठाव हाय ते तुमाला ठाव हाय."

चंद्रभान मान हलवून निघाला. पण नाल्याच्या काठाशी येऊन तो थांबला. कारण त्याला खरोखरच ठाऊक होतं.

बहात्तरचा दुष्काळ. चंद्रभान पंधरा वर्षांचा. घरातला एक बैल चाऱ्यावाचून मेला होता, दुसरा कसाबसा उभा होता. सत्यशीलाचा सासरा दत्तराव तेव्हा जवान होता. त्याने या नाल्याकाठचे धोंडे वेचून वेचून पट्टी मोकळी केली होती, पण त्याच्याकडे बैलही नव्हता आणि औतही नव्हतं. चंद्रभानच्या वडिलांनी एक रात न झोपता काढली आणि पहाटे पोराला औत आणि बैल देऊन पाठवलं. बैलाच्या जोडीला जू दत्तरावने स्वतःच्या खांद्यावर घेतलं. पंधरा वर्षांचा चंद्रभान मागून रुमणं, म्हणजे औताची मूठ, धरून चालला. साऱ्या शिवारात काही पिकलं नाही, पण नाल्याच्या ओलीवर या पट्टीत थोडी ज्वारी झाली. दत्तरावने त्यातली निम्मी यांच्या दारात आणून टाकली. त्या ज्वारीवर चंद्रभानची माय वाचली आणि धाकटी बहीण वाचली. वडील म्हणाले, कुणाला सांगायचं नाही. पुढच्या साली पाऊस झाला, गावाची पोटं भरली, आणि गावाने दत्तरावच्या उभ्या पिकात ढोरं सोडली. गायरान ढोरांचं, असं म्हणून. बघायला जी गर्दी जमली तिच्यात चंद्रभानचे वडील उभे होते. त्यांच्या मागे चंद्रभानही उभा होता. कुणी काही बोललं नाही. दत्तरावनेही काही बोलून दाखवलं नाही. त्याने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा पेरलं.

ही गोष्ट चंद्रभानने बायकोलाही कधी सांगितली नव्हती. पन्नास वर्षं माणूस एखादी गोष्ट पोटात ठेवतो आणि त्याला वाटतं ती जिरली. कुठली जिरते!

त्या संध्याकाळी घरात तिघंही जेवले. हात धुताना हरिओम म्हणाला, "बाबा, मी तुमाला आजवर काई मागितलं न्हाई." खरं होतं. पोराने कधी हट्ट केला नव्हता. चंद्रभानचा जीव तुटला. तो म्हणाला, "बघू." आणि पार्वतीबाई म्हणाली, "सही करायची का न्हाई ते तुमचं तुमी बघा. मी रुसणार न्हाई, आन् भांडणार बी न्हाई. पण उद्या मी तिच्याबरुबर बसलेली आसन, येवढं आत्ताच सांगते. मग तिथं मला बघून दचकू नका."

गुरुवारी दहा वाजता गायरानात गाव जमलं. तलाठी, मंडळ अधिकारी, सरपंच, कोतवाल. लिंबाखाली टेबल मांडलेलं. सत्यशीला तुरीच्या कडेला बसली होती, शेजारी पार्वतीबाई, मागे धम्मदीप आणि बौद्धवाड्यातली माणसं. थोड्या वेळाने बायनाबाई आली. दोन्ही गटांच्या मधोमध उभी राहिली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि पार्वतीबाईच्या मागे जाऊन बसली. तिचा नवरा गर्दीतून डोळे वटारत राहिला. ती तुरीकडे बघत राहिली.

तलाठ्याने मजकूर वाचला. भला माणूस, आवाज बारीक, आणि वाचताना कुणाकडेच बघेना. "सदर जमीन आजवर पडीक असून..." संपल्यावर त्याने पेन पुढे केलं. "धुरेकरी म्हणून तुमची सही, भाऊ. इथं."

चंद्रभानने पेन घेतलं. हरिओम सरपंचाच्या शेजारी उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. पोराने शर्ट घालताना आरशात पाहिलं असेल, असं चंद्रभानच्या मनात आलं. वाटलं, करून टाकावी. कोण विचारतंय? पन्नास वर्षं कुणी विचारलं नाही.

"सायेब," तो म्हणाला, "हे चुकीचं लिवलंय."

"काय चुकीचं?"

"पडीक नव्हती. बहात्तर साली ह्या पट्टीला औत मीच मारलं. ह्या हातानं. दत्तरावनं बैलाच्या जोडीला जू खांद्यावर घेतलं, आन् मी मागून रुमणं धरलं."

लिंबाखाली कुजबुज सुरू झाली. सरपंच हसत हसत पुढे आला. "भाऊ, लय जुनी गोष्ट हाय. वयानं इसरायला होतं. मजूर म्हणून गेला आसाल कुठं."

"मजूर म्हणून न्हाई गेलो. वाट्यानं गेलो." चंद्रभानचा आवाज आता स्वतःलाच अनोळखी वाटायला लागला. "निम्मी ज्वारी आमच्या घरी आली. आमच्या घरानं त्या साली ह्या रानाचं खाल्लं. दत्तरावच्या हातचं खाल्लं. माझी माय त्याच्यावर जगली. पुढच्या साली गावानं ह्यात ढोरं घातली, तवा माझ्या बापामागं मी इथंच हुबा व्हतो. हे समदं लिवा, मग करतो सही."

"इतकं बसत न्हाई हो कागदात," तलाठी कळवळून म्हणाला.

"मग दुसरा कागद घ्या."

मंडळ अधिकाऱ्याने थोडा वेळ विचार केला आणि दुसरा कागद घ्यायला सांगितलं. तलाठ्याने जबाब लिहून घेतला. चंद्रभानने सही केली, लपेट्याची, शाळेत शिकली होती तशी. सत्यशीलाने पदर तोंडाला लावला होता. पार्वतीबाई तिच्याकडे बघत नव्हती, नवऱ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत कौतुक कमी आणि रागच जास्त होता. हरिओम कधी निघून गेला ते कुणाला कळलं नाही.

निकाल त्या दिवशी काही लागला नाही. जबाब जोडलेला पंचनामा वर गेला, प्रकरण वर गेलं, आणि वर गेलेलं खाली कधी येतं ते सांगणारा अजून जन्मायचाय. पण मशीन आलं नाही. तूर उभी राहिली. आणि हरिओमची नोकरी गेली. ती त्याच दिवशी, अकरा वाजून पाच मिनिटांनी, मोबाइलवर दोन ओळींत गेली.

दुपारी तो रानातल्या आखाड्यावर, गुरांच्या गोठ्यापाशी सापडला, बाजेवर उताणा, शर्ट चुरगळलेला. चंद्रभान त्याच्या पायथ्याशी बसला. मागून पार्वतीबाई भाकरी घेऊन आली. तिने फडकं सोडलं नाही. आधी नवऱ्यासमोर उभी राहिली.

"चाळीस वर्सं झाली. मला येक शब्द बोलला न्हाईत. कामून?"

"लाज वाटत व्हती."

"त्यायच्या हातचं खाल्ल्याची?"

"आदी त्याचीच." चंद्रभान जमिनीकडे बघत म्हणाला. "लय वर्सं त्याचीच. मग कवातरी ती लाज सरली आन् दुसरी सुरू झाली. खाऊन गप बसल्याची. ती काई सरंना."

पार्वतीबाई खाली बसली. तिचा राग गेला होता असं नाही, पण तिने भाकरी सोडून तिघांपुढे ठेवली. हरिओम उठून बसला. त्याने भाकरीला हात लावला नाही. त्याचे डोळे लाल झाले होते, तेहतीस वर्षांच्या गड्याचे, आणि ते लपवायचीही त्याला शुद्ध नव्हती.

"चांगलं केलं तुमी," तो म्हणाला. "खरं सांगतो, चांगलं केलं. मी बी तिथं हुबा व्हतो, मला बी कळतं. सत्यशीलाआत्याची बारी आली. दत्तरावबाबाची आली. तुमची बी आली. मग माझी कवा यायची बाबा?"

चंद्रभानला पोराला खोटा धीर द्यायचा नव्हता आणि खरा जवळ नव्हता. त्याने पार्वतीबाईकडे बघितलं. मोर्चात एवढं मोठं उघडलेलं तिचं तोंड आता घट्ट मिटलेलं होतं.

"मला म्हाईत न्हाई रं," शेवटी चंद्रभान म्हणाला. "सोमवारी तुझी माय परभणीला जायली. मी बी जायलो तिच्यासंगं. तिथं लय लोक येतेत म्हणं, कुणाला रान न्हाई, कुणाला काम न्हाई. तू बी चल. तिथं हुबा राहून मोठ्यानं इच्यार, माझी बारी कवा यायची म्हणून. नुसतं आमाला दोघायला इच्यारून काय उपेग?"

हरिओमने धुऱ्यापलीकडच्या तुरीकडे पाहिलं. मग त्याने भाकरीचा तुकडा मोडला.

"गाडीवर तिघं बसत न्हाईत," तो म्हणाला. "येष्टी कितीला हाय?"